चांगल्या डोळ्यावर पट्टी काहून?

एप्रिलातली दुपार. कूलरचा आवाज, खिडकीत ओला वाळा, आणि टेबलाशी माझा साडेसहा वर्षांचा भाचा ठिपके जोडून चित्र काढत बसलेला. डाव्या डोळ्यावर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी, तिच्यावर चष्मा. उजव्या डोळ्याने ठिपका शोधताना नाक कागदाला टेकत होतं. सत्तावीसवरून अठ्ठावीसवर जायला त्याला मिनिटभर लागलं आणि पेन्सिल शेवटी ठिपक्याच्या शेजारीच टेकली. ती खाली ठेवून तो म्हणाला, "आत्या, खराब डोळा तर हा आहे ना? मग पट्टी चांगल्यावर काहून?"

मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. त्याला मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण खरं उत्तर मेंदूच्या पेशी वाढतात कशा, इथपर्यंत जातं. ते सविस्तर लिहायचं कारण असं, की ते ठाऊक नसल्यामुळे आमच्या घरात दोन वर्षं वाया गेली.

त्याचा डोळा बाहेरून पाहिला तर काहीच दिसत नाही. तिरळा नाही, लाल नाही, पाणी येत नाही. उजव्याचा नंबर बराच मोठा होता, पण डाव्या डोळ्याने त्याचं सगळं भागत होतं, त्यामुळे त्यालाही कळलं नाही. तो चार वर्षांचा असताना टीव्ही बघताना मान वाकडी करतो म्हणून वहिनीने एकीकडे दाखवलं. "लहान आहे, शाळेत जायला लागला की बघू," असं सांगून परत पाठवलं गेलं. आजीही म्हणाली, "लेकरू हाये, मोठं झालं का होते बरोबर." शेवटी शाळेतल्या तपासणीत ते उघड झालं. आता नंबरचा चष्मा आहे, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र अगदी रेखीव पडतं, भिंग स्वच्छ, पडदा निरोगी. तरीही तक्त्याच्या खालच्या ओळी त्याला वाचता येत नाहीत. याला लोक आळशी डोळा म्हणतात, डॉक्टर ॲम्ब्लिओपिया म्हणतात. मला "आळशी" हा शब्द आवडत नाही. डोळा बिचारा दिवसभर काम करतो, त्याचं म्हणणं पुढे पोचत नाही. डोळ्यामागे मेंदूत ज्या तारा वाढायच्या, त्या पुरेशा वाढल्याच नाहीत.

वाढल्या नाहीत हे मी शब्दशः म्हणते आहे.

मेंदूची पेशी, म्हणजे न्यूरॉन, जन्मते तेव्हा साधा गोळा असते. मग तिला एक लांब तंतू फुटतो, ॲक्सॉन, जो निरोप पुढे नेतो; आणि निरोप घेणाऱ्या आखूड फांद्या फुटतात, त्या डेंड्राइट. ॲक्सॉनच्या टोकाला हाताच्या पंजासारखा चपटा भाग असतो आणि त्यातून बोटांसारखे बारीक धागे सारखे आत-बाहेर होत वाट चाचपडतात. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात हे टोक पाहिलं. त्याच्यासमोर होती काचपट्टीवरची रंगवलेली, मेलेली पेशी. ही गोष्ट हलत, शोधत पुढे सरकत असणार, हे त्याने नुसत्या आकारावरून ओळखलं. मला याचं दरवेळी नवल वाटतं.

पण हे टोक जायचं कुठे, हे कसं ठरवतं? सुरुवातीचा रस्ता रसायनं दाखवतात. ठिकठिकाणच्या पेशी आपापली प्रथिनं बाहेर ठेवतात. काही टोकाला ओढतात, काही दूर लोटतात. रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या वर्गातल्या प्राण्यांची डोळ्याची नस कापून डोळा उलटा फिरवला. नस पुन्हा वाढली ती थेट आपल्या जुन्या जागी जाऊन जोडली गेली, आणि त्या प्राण्याला जग कायमचं उलटं दिसू लागलं. माशी वर असली की तो खाली झेपावायचा. म्हणजे तंतूंना पत्ता माहीत होता.

फक्त तो पत्ता मोहल्ल्यापर्यंतचाच असतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आहेत आणि एकेकाचे हजारो जोड. त्या जोडांना सिनॅप्स म्हणतात. प्रथिनं बनवणारी आपली जनुकं साधारण २०,०००. एवढ्याशा वहीत प्रत्येक जोडाचा पत्ता लिहिणं शक्यच नाही. नागपूरच्या महाल भागात पाव्हणा यावा, "वाड्याजवळ" एवढंच त्याला ठाऊक असावं आणि पुढे त्याने दारोदार विचारत घर शोधावं, तसं ॲक्सॉनचं होतं. तिथे विचारपूस चालते विजेच्या भाषेत.

न्यूरॉन निरोप पाठवतो म्हणजे त्याच्या पापुद्र्यावर विजेची एक झटपट लहर धावते. ही लहर फक्त बोलण्यासाठी असते, आणि वाढणं हे वेगळं खातं, असं शिकताना मलाही वाटायचं. पण दोघांना जोडणारा दुवा आहे, तो म्हणजे कॅल्शियम. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पटीने कमी राखलेलं असतं. विजेची लहर आली की पापुद्र्यातली काही दारं क्षणभर उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. आतलं प्रमाण मुळात इतकं कमी, की चिमूटभर आलं तरी पेशीच्या दृष्टीने ती मोठी बातमी असते. मग पेशीचा सांगाडा बनवणारे धागे कुठे जोडायचे, कुठे सोडायचे, हे बदलतं. कॅल्शियमचा सांगावा केंद्रकापर्यंत गेला तर तिथली जनुकं चालू होतात आणि वाढीला लागणारी प्रथिनं तयार होऊ लागतात. बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन त्यातलंच. त्याच्यामुळे पेशी जगतात, फांदी फुटते, जोड घट्ट होतो.

वीज म्हणजे खत, जितकी जास्त तितकी वाढ जास्त, असं मात्र समजू नका. १९८६ मध्ये गोगलगाईचे न्यूरॉन बशीत वाढवून त्यांना विजेचे ठोके दिले, तेव्हा वाढणारी टोकं चक्क थांबली. ठोके बंद केल्यावर पुन्हा चालू लागली. कॅल्शियम फार कमी असलं तरी वाढ अडते आणि फार झालं तरी अडते. याला अर्थ आहे: घर सापडलं की चालणं थांबवायचं असतं. दुसरीकडे २००२ मधला बेडकाच्या पिल्लांवरचा प्रयोग बघा. पिल्लू अजून पारदर्शक असतं, त्यामुळे त्याच्या मेंदूतली एकच पेशी रंगवून, जिवंत पिल्लात तिचे पुन्हा पुन्हा फोटो घेता येतात. चार तास अंधार आणि मग चार तास हलता प्रकाश दाखवला. प्रकाशाच्या चार तासांत डेंड्राइटच्या फांद्या अंधारातल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वाढल्या. फक्त चार तास, आणि पिल्लू नुसतं बघत होतं!

त्याच प्रयोगात एक विशिष्ट रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पापुद्र्यावरचं निरोप घेणारं दार, औषधाने बंद केला तर ही जास्तीची वाढ झाली नाही. हा एनएमडीए रिसेप्टर या सगळ्याचा कणा आहे, म्हणून इथे जरा थांबते. बँकेतलं लॉकर आठवा. एक किल्ली बँकेकडे, एक आपल्याकडे, आणि दोन्ही एकदम लागल्याशिवाय दार उघडत नाही. या रिसेप्टरचं तसंच. पहिली किल्ली समोरच्या पेशीने सोडलेलं ग्लुटामेट हे रसायन. पण दाराच्या आत मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं आणि ऐकणारी पेशी स्वतः त्याच वेळी विजेने जागी असेल तरच ते निघतं. म्हणजे बोलणारी आणि ऐकणारी दोघी एकाच वेळी जाग्या असल्या, तरच कॅल्शियम आत येतं आणि तो जोड मजबूत होतो. ऐकणारीला जागं करायला एक तंतू सहसा पुरत नाही, बरेच तंतू एकदम बोलावे लागतात. म्हणून जे तंतू एकसाथ बोलतात ते एकमेकांच्या आधाराने टिकतात. जो वेळ चुकवून बोलतो, त्याचा जोड सैल पडत जातो. डोनाल्ड हेब या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अशा नियमाचा अंदाज मांडला होता, तेव्हा हा रिसेप्टर कोणाला माहीतही नव्हता.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट.

बाळ पोटात असताना डोळ्यांना दाखवण्यासारखं काही नसतं. तरी हा विजेचा कारभार तेव्हाच सुरू होतो. १९८८ मध्ये इटलीतल्या दोघा शास्त्रज्ञांनी उंदराच्या गर्भातल्या डोळ्याच्या पेशी आपणहून ठोके देताना पकडल्या. १९९१ मध्ये मांजर आणि फेरेट या छोट्या प्राण्याच्या डोळ्याच्या अपक्व पडद्यावर दिसलं, की हे ठोके वाटेल तसे पडत नाहीत, लाटेसारखे एका शेजारणीकडून दुसरीकडे सरकतात. पडद्यावरचं चित्र मेंदूत उमटायचं तर शेजारच्या पेशींचे तंतू मेंदूतही शेजारीच बसले पाहिजेत. पण कोण कोणाची शेजारीण, हे अंधारात मेंदूला कळणार कसं?

मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी लाइन जाते ना, तेव्हाचा विचार करा. समजा शहराचा नकाशा तुमच्याकडे नाही. फक्त कोणाकडचा कूलर किती वाजता पुन्हा सुरू झाला, याची यादी आहे. ज्यांचे कूलर एकाच क्षणी घरघरले ती घरं एका डीपीवरची. ज्यांचे थोड्या वेळाने सुरू झाले ती पुढच्या डीपीवरची. दहा-बारा वेळा लाइन गेली-आली, की घरात बसून तुम्ही वस्तीचा नकाशा काढाल. मेंदू हेच करतो. लाट ज्यांना एकदम जागं करते त्या शेजारणी. दोन डोळ्यांतल्या लाटा सहसा एकाच वेळी येत नाहीत, म्हणून उजव्या-डाव्या डोळ्यांचे तंतूही वेगळे होत जातात. १९८६ मध्ये पफर माशाच्या विषाने मांजरीच्या पिल्लांच्या दोन्ही डोळ्यांतली वीज शांत ठेवली, तेव्हा मेंदूच्या दृष्टीच्या भागात दोन डोळ्यांचे पट्टे वेगळे झालेच नाहीत. २०१२ मध्ये जिवंत, नुकत्याच जन्मलेल्या उंदरात या लाटा मेंदूपर्यंत जाताना दिसल्या. आणि २०२१ मध्ये तर असं आढळलं, की त्या एका ठरावीक दिशेला जास्त धावतात: उंदीर पुढे चालू लागल्यावर जग जसं त्याच्या डोळ्यांवरून मागे सरकेल, त्याच दिशेला. डोळे उघडण्याआधी चालण्याची रंगीत तालीम! हे मी प्रथम वाचलं त्या दिवशी वर्गातलं ठरलेलं शिकवणं बाजूला ठेवून मुलांना हेच सांगितलं.

वीजच सर्व काही घडवते, असं मात्र म्हणता येणार नाही. २००० मध्ये अशा उंदरांचा अभ्यास झाला ज्यांच्या चेतापेशी एकमेकींना रसायनातून निरोप देऊच शकत नव्हत्या. तरी त्यांच्या मेंदूचे थर, मुख्य तंतू, सुरुवातीचे जोडसुद्धा तयार झाले. नंतर मात्र त्या पेशी मरत गेल्या. माझ्या मते ढाचा जनुकांचा, आणि तो टिकवणं, नेमका करणं, बारीक विणणं हे विजेचं काम, अशी वाटणी सत्याच्या जवळ जाते. दोघांची कामं वेगळी असली, तरी एकामागून एक नाही, एकमेकांत गुंतून चालतात.

यानंतर भाच्याच्या प्रश्नाकडे येता येतं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या लहान पिल्लांची एका डोळ्याची पापणी काही आठवडे-महिने शिवून बंद ठेवली. हे लिहिताना त्रास होतो, पण आज जगभरात लहान मुलांचे जे डोळे वाचतात त्यामागे ही पिल्लं आहेत, तेव्हा ते टाळून पुढे जाणंही बरोबर नाही. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता. मेंदूतल्या दृष्टीच्या भागात मात्र त्या डोळ्याचं म्हणणं ऐकणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या. त्या सगळ्या उघड्या डोळ्याकडे गेल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला तर असं काही होत नव्हतं.

मग त्यांनी दोन्ही डोळे बंद ठेवून पाहिलं. एक बंद केल्याने इतकं नुकसान, तर दोन्ही बंद केल्यावर सगळंच संपेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देत राहिल्या. म्हणजे एका डोळ्याचं नुकसान नुसत्या अंधाराने होत नाही, शेजारचा डोळा बोलत असताना गप्प राहिल्याने होतं. मेंदूतल्या त्याच जागेसाठी दोन्ही डोळ्यांच्या तंतूंची चढाओढ चालते. १९९३ मध्ये तर हे तंतू एकेक करून रेखाटले गेले: जेमतेम आठवडाभर बंद ठेवलेल्या डोळ्यासाठी काम करणाऱ्या तंतूंच्या फांद्या मेंदूत आखडून तोकड्या झाल्या होत्या. ह्युबेल आणि वीझेलना १९८१ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी उरलेलं अर्धं बक्षीस स्पेरीला मिळालं, पण ते मेंदूच्या दोन अर्धांवरच्या कामासाठी.

म्हणून पट्टी चांगल्या डोळ्यावर. बलवान शेजाऱ्याला थोडा वेळ गप्प बसवायचं आणि दबलेल्याला बोलू द्यायचं. बोलला की कॅल्शियम, कॅल्शियम आलं की जोड. पट्टी किती तास हे डॉक्टरच ठरवतात. जास्त लावली तर चांगल्या डोळ्याची नजर कमी व्हायचा धोका असतो, हे आता तुम्हालाही उमगेल.

आमच्या मामांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराला झाडावर इतकं फूल येतं की वाटावं एवढी फळं फांदीला पेलणार कशी. पण बहुतेक फूल गळतं, थोडंच धरतं. मेंदू असाच आधी भरमसाट जोड करतो. दृष्टीच्या भागात ते बाळ सुमारे आठ महिन्यांचं असताना सगळ्यात दाट असतात आणि मग कमी होत जातात. कपाळामागच्या, विचार आणि संयमाच्या भागात ही छाटणी किशोरवयापर्यंत चालते. मामा तोडणीनंतर सल काढतात, वाळक्या काड्या कापून टाकतात, नाहीतर झाड रोगट होतं. मेंदूत सल काढायला माळी नाही. मायक्रोग्लिया नावाच्या फिरत्या पेशी आहेत, त्या अशक्त जोड खाऊन टाकतात. उंदरांत असं दिसलं, की शरीर जंतूंवर खूण करायला जी प्रथिनं वापरतं तीच इथे जोडांवर बसतात, आणि ज्या डोळ्याची वीज कमी त्याचे जोड जास्त खाल्ले जातात.

हे सगळं वाचून बाळाला रंगीत कार्डं दाखवत सुटू नका, अशी तरुण आई-बाबांना माझी मनापासून विनंती आहे. मेंदू ज्या अनुभवांची वाट बघत असतो ते फार साधे आहेत: प्रकाश, आकार, हलणारी माणसं, बोलण्याचा आवाज, स्पर्श. कोणत्याही बऱ्या घरात ते मिळतात. काळजी त्या लेकराची करायची ज्याच्यापर्यंत ते पोचतच नाहीत: जन्मतः मोतीबिंदू, मोठा नंबर, तिरळेपणा, बहिरेपण. न ऐकणाऱ्या बाळाला श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) लवकर द्यायचं, ते याच कारणाने. मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या एका बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तो मोतीबिंदू असू शकतो, क्वचित गाठही असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणी करतो. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि कोणी "मोठा झाला की बघू" म्हटलं, तर दुसरीकडे दाखवा. आम्ही दाखवलं नाही.

उशीर झाला म्हणजे दार बंदच झालं, असंही नाही. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाश या उपक्रमात भारतातल्या जन्मांध मुलांचे मोतीबिंदू कितीतरी उशिरा, काहींचे किशोरवयात काढले. हाताने चाचपलेली वस्तू नुसती बघून ओळखायला लावलं, तर शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना ते जमलं नाही. पण काहींना थोड्याच दिवसांत जमू लागलं. बारीक नजर पूर्ण आली नाही, तरी पुष्कळ काही आलं. आळशी डोळ्यालाही सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर सगळ्यात चांगला गुण येतो, नंतरही काही मुलांना फायदा होतो. आमचा साडेसहाचा आहे. मी रोज दिवस मोजते.

त्या दुपारी यातलं त्याला मी एवढंच सांगितलं, की डोळ्यामागे दोन भाऊ एका बाजेवर झोपतात आणि मोठ्याने सगळी बाज घेतली आहे. तो विचारात पडला. मग म्हणाला, "मग पट्टी झोपताना लाव ना. मले तरास नाही होणार."

झोपेत दोन्ही डोळे मिटलेले असतात रे, मी म्हटलं, तेव्हा लहान भाऊ बोलेल कसा? जागेपणीचेच तास मोजतात.

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मोठा सुस्कारा सोडला, आणि नाक कागदाला टेकवून एकोणतिसावा ठिपका शोधायला लागला.